कागद कोणाच्या घरी, नाव कोणाचे



१४ ऑगस्ट १९४२ रोजी या पालघर गावात इंग्रज सरकारच्या कचेरीवर मोर्चा आला, गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामचंद्र चुरी, रामप्रसाद तिवारी आणि सुकुर मोरे. त्यांच्या स्मृतीसाठी होणाऱ्या या व्याख्यानात मी घरातल्या जुन्या कागदांवर बोलायचे ठरवले आहे. काहींना हा विषय प्रसंगाच्या मानाने लहान वाटेल. मला तो तसा वाटत नाही.

हुतात्मा चौकातून शाळेत जाणाऱ्या मुलांना ही पाच नावे वाचता येतात. पण त्यांच्या आयांची नावे काय होती? मागे कोण राहिले? ते कोणत्या शाळेत कितवीपर्यंत शिकले होते, घरी होडी होती की वाडी, मोर्चाला निघताना घरच्यांना काय सांगून निघाले? सरकारी दप्तरात गोळीबाराचा अहवाल असतो. या प्रश्नांची उत्तरे तिथे नसतात. ती घरात असतात. एखाद्या पत्रात, शाळेच्या दाखल्यात, सोसायटीच्या पासबुकात, फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने लिहिलेल्या तारखेत. आणि घरातला तो कागद गेला की त्याची दुसरी प्रत कुठल्याही कचेरीत मिळत नाही.

१९७२ साली, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट मिळाले, निवृत्तिवेतनाची योजना आली. त्यासाठी पुरावा लागे. ज्यांच्याजवळ तुरुंगाचा दाखला होता, त्यांचे काम झाले. पण भूमिगतांना रात्री भाकरी पोचवणाऱ्या बाईकडे कसला दाखला असणार? तिने केलेले काम तिच्या घरच्यांना ठाऊक होते, शेजाऱ्यांना ठाऊक होते. ते कोणी लिहून ठेवले नाही आणि दोन पिढ्यांत ते संपले. माझ्या आजच्या बोलण्याचा मुद्दा इथूनच सुरू होतो. या जिल्ह्यात कोण कोणाचा, जमीन कोणाची, गाव कोणाचे, हे दोनशे वर्षे कागदाने ठरवले आहे, आणि कागद नेहमी थोड्यांच्या घरात होता. म्हणून घरचे दप्तर जपताना आपण स्वतःपुरते जपून भागणार नाही. ज्यांची नावे त्या कागदांत ओझरती आली आहेत, किंवा आलीच नाहीत, त्यांचाही त्यावर हक्क आहे.

आपल्या किनाऱ्याला या बाबतीत फार जुना वारसा आहे. इथून थोड्याच अंतरावर केळवे-माहीम. महिकावती म्हणजे हेच माहीम. ‘महिकावतीची बखर’ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली छापून प्रसिद्ध केली. तिच्यातला एक भाग केशवाचार्याने शके १३७०, म्हणजे इसवी सन १४४८ मध्ये लिहिला. मालाडच्या नायकोरावाने त्याला या कामाला लावले, अशी हकीकत त्यातच आहे. मराठी गद्याच्या आरंभीच्या ग्रंथांत तिची गणना होते, पण मला ती आज वेगळ्या कारणासाठी आठवते. कोणती कुळे कुठून आली, कोणाचे गोत्र कोणते, कोणती गावे कोणाकडे, देसाईपण कोणाचे, हे तिच्यात बारकाईने नोंदवले आहे. परचक्रे येऊन गेली, माणसे पांगली, आचार विसरले, तेव्हा आपण कोण आहोत हे लिहून ठेवण्याची गरज त्या लोकांना भासली. जवळजवळ पावणेसहाशे वर्षांपूर्वी उत्तर कोकणातल्या माणसांनी वंशावळ लिहायला घेतली, ती अशा संकटातून.

याच बखरीकडून दुसरा धडाही घ्यायचा. ती एका हाताची नाही. तिची प्रकरणे निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या माणसांनी लिहिली, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. एका ठिकाणी बिंब राजा शके १०६० मध्ये चांपानेरकडून आला असे वाचायला मिळते, दुसरीकडे अल्लाउद्दीनाने देवगिरी घेतल्यावर यादवांचा राजपुत्र इकडे आला असे. राजवाड्यांनी हा गोंधळ झाकला नाही. त्यांनी पाठ जसा मिळाला तसा छापला आणि आपले म्हणणे प्रस्तावनेत वेगळे मांडले. घरची वंशावळ तयार करणाऱ्याने हे शिकावे. आजोबांनी सांगितलेले एक, काकांच्या वहीतले दुसरे, सातबाऱ्यावरचे तिसरे, असे झाले तर तिन्ही लिहावे, प्रत्येकासमोर ते कुठून आले ते लिहावे. जुळत नाही म्हणून एखादी पिढी गाळू नये आणि जुळावे म्हणून एखादी घालूही नये. सूर्यवंश-सोमवंशापर्यंत नेऊन भिडवलेल्या वंशावळी मी पुष्कळ पाहिल्या. त्यांत पहिल्या वीस पिढ्या तेजस्वी असतात आणि खापरपणजीचे नाव नसते. ज्या पिढीला आपण हात लावू शकतो ती आधी नीट करावी.

राजवाडे घरोघर फिरले. माळ्यावरचे, फडताळातले, वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला गेलेले कागद त्यांनी मिळवले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड त्यातून उभे राहिले. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, त्यांच्या मृत्यूनंतर धुळ्यात १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ निघाले. मराठ्यांच्या इतिहासाचा पाया फार मोठ्या प्रमाणात घरगुती दप्तरांवर उभा आहे, हे या दोन संस्थांकडे पाहिले की कळते. आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. चिमाजी अप्पांची वसईची मोहीम १७३७ ते १७३९ अशी चालली. तारापूरचा किल्ला जानेवारी १७३९ मध्ये घेताना बाजी भिवराव रेठरेकर पडले. या मोहिमेत भिवंडीजवळच्या अणजूरच्या गंगाजी नाईकांचा केवढा वाटा होता, हे आपल्याला कळते त्यात त्या घराण्याने जपलेल्या कागदांचा हात मोठा आहे. मराठी फौजेला वाट दाखवणारे, धान्य पुरवणारे, खाडीतून होड्या नेणारे किती मांगेले, किती कोळी, किती भंडारी असतील! त्यांच्याकडे दप्तर नव्हते.

आता जरा कामाचे बोलू. ज्यांना आपल्या घराचा शोध घ्यायचा आहे त्यांना या भागात काही अडचणी हमखास येतात.

पहिली अडचण गावाच्या पत्त्याची. जुन्या कागदावर ‘तालुका माहीम’ असे दिसले की मुंबईत राहणारी नातवंडे दादरच्या शेजारच्या माहीमला शोध घेऊ लागतात. आजचा पालघर तालुका पूर्वी माहीम तालुका होता. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये तो त्याच नावाने आहे. पुढे रेल्वेच्या सोयीने कचेरी पालघरला आली. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्याआधीचे सगळे ठाण्याच्या नावाने. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगावचा भाग गुजरातेत गेला. त्यामुळे तलासरी-डहाणूकडच्या अनेक घरांची मुळे आज वलसाड जिल्ह्यात सापडतात. १७३९ पूर्वीचे शोधायचे असेल तर पोर्तुगीज दप्तराकडे वळावे लागते. ते पणजीला आहे. गोव्याचे हे पुराभिलेखागार १५९५ मध्ये स्थापन झाले आणि इतिहासकार दियोगु दो कोउतु त्याचा पहिला रक्षक होता. मुंबईचे सरकारी दप्तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात पाहायला मिळते. वसईच्या ख्रिस्ती घरांना चर्चच्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्या आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरला आपली माणसे जव्हार-मोखाड्याच्या वाटेने पिढ्यान्‌पिढ्या जात आली. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या आजोबा-पणजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली नावे असू शकतात. श्राद्धाच्या संकल्पात बाप, आजा, पणजा अशा तीनच पिढ्या येतात. उपाध्यायांच्या वहीत त्याहून मागे जाता येते.

तारापूरच्या पारशी घरांची गोष्टही सांगायला हवी. मृतांची नावे प्रार्थनेत घेण्याची रीत असल्यामुळे त्यांच्याकडे नावांच्या याद्या घरोघर जपल्या गेल्या. तारापूरच्या विकाजी मेहेरजींची पेढी एकोणिसाव्या शतकात निजामाच्या हैदराबादेपर्यंत पोचली होती. आज तारापूरवाला, तारापोर ही आडनावे मुंबईत आणि जगभर आहेत. गावात घरे थोडी उरली, पण आडनावात गाव टिकले.

दुसरी अडचण लिपीची. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सरकारी लिखाण मोडीत होई. पुढेही शाळांत ती काही दशके शिकवली जात होती. आज आजीच्या पेटीतला मोडी कागद नातवाला वाचता येत नाही, आणि वाचता येत नाही म्हणून तो टाकून दिला जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि एकाएकी जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची वाण भासली. या नोंदींवरून मिळणाऱ्या आरक्षणाबद्दल कोणाचे मत काहीही असो. लाखो घरांचे भवितव्य ज्या लिपीत लिहिले आहे ती वाचणारी माणसे हातांच्या बोटांवर मोजावी लागतात, याची लाज आपल्याला वाटली पाहिजे. मोडी शिकणे अवघड नाही. दोन-तीन महिने नेटाने बसले तर साधा फेरफार किंवा खत वाचता येते. लपेटीचे हस्ताक्षर जड जाते, त्याला सराव लागतो.

लिपी आली तरी कालगणना अडवते. शके असेल तर ७८ मिळवा. फसली असेल तर सुमारे ५९०. पेशवाईतल्या कागदावर सुहूर सन असतो, अरबी शब्दांत लिहिलेला. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. नावांत ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. आदिवासी पाड्यांवर वारावरून नावे ठेवण्याची रीत असल्याने एकाच गावात सोम्या, मंगळ्या, बुध्या अनेक भेटतात. अशा वेळी पाड्याचे नाव आणि बापाचे नाव यांखेरीज माणूस ओळखता येत नाही.

तिसरी गोष्ट जमिनीच्या कागदांची, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे. वंशावळीसाठी सातबाऱ्यापेक्षा फेरफार नोंदवही जास्त उपयोगी. माणूस वारला की वारसांचा फेरफार होतो, त्यात मृत्यूची तारीख, वारसांची नावे, नाते आणि पुष्कळदा वय येते. आता जुने फेरफार ई-अभिलेखाच्या कामातून स्कॅन झाले आहेत, घरबसल्या पाहता येतात. ते सलग वाचत जा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या आधीचे फेरफार वाचताना असे वाटते की या गावात फक्त मुलगेच जन्मत होते. कायदा झाला आणि हळूहळू मुली कागदावर दिसू लागल्या. ‘मुलगी, विवाहित, राहणार दांडी’, ‘मुलगी, राहणार चिंचणी’. पुढच्याच फेरफारात त्यांनी हक्क सोडल्याची नोंद येते आणि त्या पुन्हा नाहीशा होतात. त्या एका नोंदीवरून मात्र कळते की ही लेक कोणत्या गावी दिली होती. घराण्याचा अर्धा इतिहास त्या गावी गेलेला असतो. नात्याचे जाळे, होडीत भागीदारी कोणाची, दुष्काळात आसरा कोणी दिला, मुलगा मुंबईला शिकायला कोणाकडे राहिला, हे सगळे लेकीबाळींच्या वाटेने जाते.

म्हणून अनेक कुलवृत्तान्तांची एक गोष्ट मला फार खटकते. मोठ्या परिश्रमाने केलेले ग्रंथ, शेकडो पाने, आणि प्रत्येक मुलीच्या नावापुढे फांदी तोडलेली. सून येते ती ‘लक्ष्मी’ किंवा ‘सरस्वती’ होऊन. तिचे माहेरचे नाव विचारायला कोणाला सुचत नाही, आणि ती गेल्यावर सांगायला कोणी उरत नाही. आज तुमच्यापैकी ज्यांच्या आज्या हयात आहेत त्यांनी घरी जाऊन पहिला प्रश्न हा विचारावा: तुझे लग्नाआधीचे नाव काय, तुझ्या आईचे माहेर कुठले. माझ्या मते हे नाव मोडी सनदेइतकेच मोलाचे आहे.

आता डोंगराकडे वळतो. आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, दुबळा, धोडी या लोकांचा आहे. त्यांच्यासाठी कागद म्हणजे काय होते? सावकाराच्या घरातली वही. खावटीचे दाणे घेतले की आंगठा. लग्नासाठी कर्ज घेतले की आंगठा, आणि मग नवराबायको दोघेही त्या कर्जापायी सावकाराच्या घरी राबत. लग्नगडी म्हणत अशांना. त्या कागदात काय लिहिले आहे हे आंगठा देणाऱ्याला वाचता येत नसे. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी १९४५ मध्ये तलासरीकडच्या झरीपासून जी चळवळ उभी केली, ती वेठीविरुद्ध होती आणि या कागदाच्या दहशतीविरुद्धही होती. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक या भागातल्या प्रत्येक वाचनालयात असलेच पाहिजे.

मग कुळकायदा आला. १ एप्रिल १९५७ पासून कसणारे कूळ मालक समजले जाऊ लागले. त्या कायद्याच्या कलम ‘बत्तीस ग’ची चौकशी, ‘बत्तीस म’चा दाखला. कित्येक आदिवासी घरांत हाच पहिला कागद, ज्यावर आजोबाचे नाव मालक म्हणून आले. तो कागद ज्यांनी सांभाळला त्यांची जमीन राहिली. ज्यांनी विश्वासाने दुसऱ्याच्या हाती दिला, त्यांच्या नातवांना तो आजही सापडत नाही.

शिकणाऱ्या मुलांचे पाहा. जातवैधता हवी तर वंशावळीचे प्रतिज्ञापत्र लागते आणि जुना पुरावा लागतो. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या मागे जावे लागते. शाळेचे जनरल रजिस्टर, कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, जुने महसुली कागद. ज्या पाड्यावर १९५० मध्ये शाळाच नव्हती, तिथल्या आजोबांचा शाळेचा दाखला कुठून यायचा? मुलगी वैद्यकीय प्रवेशाला पात्र ठरते आणि तिचा बाप आपल्या चुलत आजोबाच्या नावासाठी तालुक्याच्या कचेरीत खेपा घालतो. हा त्या बापाचा निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. नोंद ठेवण्याचे साधन ज्यांना कधी दिलेच नाही, त्यांच्याकडे आपण नोंद मागतो आहोत.

वनहक्क कायद्याने मात्र एक मोठे पाऊल उचलले. २००६ चा कायदा. त्याच्या नियमांत तेराव्या नियमाखाली पुराव्यांची यादी आहे. गॅझेटिअर, जनगणना, नकाशे आहेतच. जुन्या संस्थानांची दप्तरेही आहेत, म्हणजे आपल्याकडे मुकणे घराण्याच्या जव्हार संस्थानाचे कागद. आणि पुढे विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांसारख्या जुन्या खुणा आहेत. पूर्वीच्या नोंदीतल्या किंवा गावचा रहिवासी म्हणून मान्य असलेल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ आहे. आणि दावेदाराखेरीज गावातल्या वृद्धांनी सांगितलेले, लिहून घेतलेले निवेदन आहे. म्हातारीचे बोलणे पुरावा म्हणून कायद्याने धरले. देशातल्या फार थोड्या कायद्यांनी तोंडी वंशावळीला एवढी जागा दिली असेल. ही जागा आपण पुरती वापरलेली नाही. निवेदन लिहून घेताना म्हातारीची भाषा बदलू नका. ती वारलीत बोलली तर वारलीत लिहा, शेजारी मराठी द्या. तारीख, गाव, पाडा, ऐकणाऱ्यांची नावे लिहा. मोबाइलवर आवाज घ्या. तिच्या सासूने दाखवलेला आंब्याचा बांध कुठे होता हे तिला चालत जाऊन दाखवू द्या.

बोईसर-तारापूरला हा विषय अधिक तातडीचा आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि पुढे इथे औद्योगिक वसाहत आली. पास्थळ, सरावली, कोलवडे, कुंभवली, सालवड या गावांचे रूप पालटले. अणुवीज केंद्राचा पहिला टप्पा १९६९ मध्ये सुरू झाला. तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. गाव उठते तेव्हा घरांचा मोबदला मिळतो, पण देवळाची पाटी, स्मशान, होडी लागण्याची जागा, कोणाच्या अंगणाला कोणाचे अंगण लागून होते, हे मोबदल्यात धरलेले नसते. त्या दोन गावांचा घरवार नकाशा आज साठीच्या पुढच्या माणसांच्या डोक्यात आहे. त्यांना एकत्र बसवून तो कागदावर काढून घ्यायला एक रविवार पुरे आहे.

आणि आता पुन्हा जमिनी मोजल्या जात आहेत. बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा महामार्ग, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, वाढवणचे बंदर. विकास हवा की नको या वादात मी आज शिरत नाही. पण प्रत्येक संपादनात प्रश्न येतो: वारस कोण? जिथे तीन पिढ्या वारसनोंद झालेली नाही तिथे भाऊ भावाविरुद्ध उभा राहतो आणि मुंबईला गेलेल्या आत्याची सही मिळत नाही. तुमच्या घरात वंशावळ लिहिलेली आणि सर्वांनी मान्य केलेली असेल, तर निम्मे तंटे सुरू होण्याआधी मिटतात. मच्छीमारांचे तर आणखी अवघड, कारण समुद्राचा सातबारा नसतो. वाढवण, वरोर, दांडी, नवापूर, आलेवाडी, मुरबे, सातपाटी इथल्या घरांनी होडीचे कागद, सोसायटीची पासबुके, जाळ्यांच्या खरेदीच्या पावत्या, बर्फाची बिले जपावीत. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही इथे मासे मारतो हे सांगायला हेच कागद उपयोगी पडतील.

बोईसरच्या चाळींत राहणाऱ्या हजारो घरांची आठवण मला इथे होते. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, राजस्थान, आपला खानदेश-मराठवाडा, कुठून कुठून माणसे आली. त्यांची मुले इथे जन्मली, इथल्या शाळेत मराठी शिकली. त्यांच्या घराचे कागद दूरच्या गावी चुलत्याच्या ताब्यात आहेत. कारखान्याचा हजेरी पास, पगाराची चिठ्ठी, भाडेपावती, मुलाच्या जन्माचा दाखला हे त्यांचे दप्तर आता सुरू होते आहे. ज्या पाच जणांची नावे मी सुरुवातीला घेतली त्यांत एक तिवारी आहेत. कोणीतरी कधीतरी बाहेरून इथे आले होते आणि इथलेच झाले. आजच्या चाळीतल्या घरांनाही आपला इतिहास लिहिण्याचा तोच हक्क आहे, आणि इथल्या वाचनालयांनी त्यांना तो लिहायला बोलावले पाहिजे.

कागद टिकवायचे कसे, हे मला सतत विचारले जाते. आपल्या हवेत खार आहे, चार महिने ओल आहे, वाळवी आणि कसर आहे. गंमत वाटेल, पण अठराव्या शतकातला हातकागद आणि काजळीची शाई आजही धडधाकट असते, आणि १९४० च्या सुमाराचा गिरणीतला कागद बोट लावताच तुटतो. लगद्यातले आम्ल त्याला आतून खाते. म्हणून नव्या कागदांची काळजी आधी घ्या. प्लॅस्टिकचे आवरण उष्णतेने चिकटवून घेऊ नका. लॅमिनेशन केलेला कागद पुन्हा सुटत नाही आणि आत ओल राहिली तर तिथेच कुजतो. चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडते आणि अक्षरे घेऊन निघते. टाचण्या, पिना काढा, त्या गंजतात. घड्या हलक्या हाताने उलगडून कागद सपाट ठेवा, धुतलेल्या सुती कापडात बांधा. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधलेले आहेत ते उगीच नव्हे. कापड ओल शोषते आणि हवा खेळू देते. पेटी भिंतीला आणि जमिनीला टेकवू नका. कडुलिंबाचा पाला, वेखंड हे आपल्या आजीचे उपाय ठीक आहेत, पण पाला पूर्ण वाळलेला हवा. पाऊस संपला की पेटी उघडा, उन्हात न ठेवता सावलीत वारा द्या. दसऱ्याला आपण पाटी-पुस्तकांची पूजा करतो, त्याच दिवशी घरचे दप्तरही उघडावे. मुलांना शेजारी बसवावे.

मोबाइलवर फोटो काढा, जरूर काढा. सावली न पडेल असे, पानाच्या चारही कडा येतील असे, मागची बाजूसुद्धा. फाइलला नाव द्या: वर्ष, गाव, माणूस. नुसत्या आकड्यांच्या नावाचे हजार फोटो म्हणजे पुन्हा माळाच झाला. एक प्रत घरात, एक परगावच्या नातेवाइकाकडे, एक वाचनालयात. फोटो काढला म्हणून मूळ कागद टाकू मात्र नका; न्यायालयात आणि अभ्यासकाच्या टेबलावर मूळच लागतो. भावाभावांत वाटणी झाली तरी दप्तराची वाटणी करू नका. एकाकडे ठेवा, यादी सर्वांना द्या.

कुटुंबात काही कागद अप्रिय असतात. कोणाकडून जमीन कशी आली, वेठ कोणाकडून घेतली, कोणत्या विधवेचा हिस्सा कसा गेला. असा कागद फाडावासा वाटतो. फाडू नका. एखाद्या जुन्या सावकारी घरातल्या वहीत ज्या वारल्याचे नाव आंगठ्याशेजारी लिहिले आहे, ते कदाचित त्याच्या घराण्याचे जगातले एकमेव लेखी नाव असेल. त्याच्या पणतूला १९५० पूर्वीचा पुरावा हवा आहे आणि तो तुमच्या माळ्यावर आहे. ज्या घरांत अशा वह्या आहेत त्या घरांना मी हात जोडून सांगतो, त्या बाहेर काढा. तुमच्या पणजोबांची बदनामी करायला कोणी येणार नाही. आपल्या आजोबाचे नाव शोधत एखादी मुलगी येईल, तिला ते दाखवा आणि त्याची सही-शिक्क्याची नक्कल मिळवायला मदत करा.

ग्रामपंचायतींना आणि वाचनालयांना माझी विनंती एवढीच आहे की एक कपाट, एक स्कॅनर आणि एक नोंदवही यांची सोय करावी. शिक्षकांनी आठवी-नववीच्या मुलांना सुट्टीत एक काम द्यावे: आई आणि बाप या दोन्ही बाजूंनी चार पिढ्या, लेकींसकट, प्रत्येक नावापुढे सांगणाऱ्याचे नाव. महाविद्यालयांनी मोडीचे वर्ग सुरू करावेत. आणि तुम्ही, जे इथे बसला आहात, त्यांनी येत्या दसऱ्याला पेटी उघडावी, कागदांची यादी करावी आणि त्या यादीची एक प्रत आपल्या गावच्या वाचनालयात नेऊन द्यावी.